बिननावाचं रक्त

दोन हजार साल नुकतंच मागं पडलं होतं. मी शिरूरच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात नर्स होते आणि यजमान रेल्वेत मालगाडीचे गार्ड. त्यांची क्वार्टर दौंडच्या रेल्वे कॉलनीत, माझी भाड्याची खोली शिरूरच्या बाजारपेठेमागं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी आमचा संसार एसटीतच चाललाय, असं सासूबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या. त्या खुटबावच्या, जिभेच्या तिखट. मीही काही कमी तिखट नव्हते, त्यामुळं आमचं चांगलं जमायचं. शनिवारी ड्यूटी संपली की मी न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून दौंडला जायचे. बऱ्याचदा मी दारात पोचेपर्यंत हे मनमाडची नाहीतर सोलापूरची गाडी घेऊन निघून गेलेले असायचे. कुलूप काढायचं, दोन दिवसांचा पसारा आवरायचा आणि शेजारणीकडून ते कसे आहेत ते ऐकायचं, हा माझा रविवार.

त्या दिवसांत एड्स हा शब्द सगळ्या भिंतींवर होता आणि कुणाच्याच तोंडात नव्हता. एसटी स्टँडवर लाल फीत रंगवली होती. नगर रोडच्या ढाब्यांवर ड्रायव्हर लोकांसाठी पाट्या लागल्या होत्या. टीव्हीवर एक बाई गंभीर चेहऱ्यानं काळजी घ्या म्हणायची, आणि कशाची काळजी हे सांगायच्या आत जाहिरात संपून साबणाची जाहिरात लागायची. सासूबाईंनी मला एकदा विचारलं होतं की हे सरकार एवढं घाबरून बोलतंय, तर ते नक्की सांगतंय काय? मी त्यांना सगळं नीट सांगितलं. ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि दोन दिवस माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलल्या.

मग आमचं ट्रेनिंग झालं. दिल्लीहून सूचना आली होती. ही साथ साऱ्या जगात पसरलीय, आपल्या देशात ती किती मुरलीय ते कुणालाच माहीत नाही, म्हणून सरकार ती मोजणार आहे, असं आम्हांला सांगण्यात आलं. ते कळल्याशिवाय औषधं किती आणि माणसं किती लागतील ते ठरवणार कसं? मला हे शंभर टक्के पटलं. डब्यातली डाळ संपायच्या आत ती संपत आलीय हे ज्यांना कळतं, त्यांच्यातली मी आहे. कुणीतरी दिल्लीत बसून डब्याचं झाकण उघडून बघतंय याचं मला बरंच वाटलं.

मोजायचं होतं गरोदर बायकांवरून. पहिल्या तपासणीला आलेल्या बाईचं रक्त आम्ही एरवीही घ्यायचो. हिमोग्लोबिन, रक्तगट आणि आणखी एक-दोन गोष्टी त्यातून बघायच्या असायच्या. त्या तपासण्या झाल्या की उरलेलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये काढायचं. त्या ट्यूबवर नाव घालायचं नाही, नुसता नंबर घालायचा, आणि तो नंबर बाईच्या केसपेपरवर येऊ द्यायचा नाही. ट्यूबा बर्फात ठेवून पुण्याला पाठवायच्या, बस्स. कामाच्या गर्दीत कुणी नाव लिहू नका म्हटलं की आनंदच होतो. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

अडचण वेगळीच निघाली. बायका रक्त द्यायला तयार होईनात. सरकार गरोदर बायकांचं रक्त काढून विकतंय अशी आवई उठली होती, आणि त्या आठवड्यात दोघीतिघी बाकावरून उठून सरळ घरी गेल्या. माझं डोकं फिरलं. मीही तेव्हा चार महिन्यांची होते. माझी स्वतःची तपासणी मी आज करू, उद्या करू म्हणत पुढं ढकलत आले होते. मी खुर्ची ओढली, बाही वर केली आणि लॅबवाल्याला म्हटलं की आधी माझं काढ, सगळ्यांच्या समोर. बायका मान उंचावून बघत राहिल्या. घोड नदीपलीकडच्या एका गावची एक पोरगी पुढंच बसली होती. पहिलटकरीण, विशीचीही नसेल, नवरा रांजणगावच्या कंपनीत, आणि कशालाही हसायची. माझा चेहरा सुईनं वेडावाकडा झालेला बघून ती एवढी हसली की तिच्या सासूनं तिला कोपरानं ढोसलं. मग तिनंच माझ्यामागून हात पुढं केला. त्यानंतर एकही बाई उठून गेली नाही. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं आणि मी दिवसभर जरा ताठच चालले. ज्या ट्यूबा पुण्याला गेल्या त्यांत माझीही होती.

दोन महिन्यांनी दौंडला बैठक लागली. दोन्ही तालुक्यांतल्या नर्सा आल्या होत्या. पुण्याहून एक साहेब आले होते, वयानं तरुण, बोलायला गोड, प्रत्येकीला सिस्टर म्हणणारे. त्यांनी आमच्या दवाखान्याचं नाव घेऊन शाबासकी दिली. ट्यूबा वेळेवर आल्या, एकही फुटली नाही, बर्फ वितळला नाही. मग पान उलटत ते सहज म्हणाले की तुमच्याकडचे काही पॉझिटिव्हही निघालेत बरं का, म्हणजे साथ गावापर्यंत पोचलीय. आणि ते पुढच्या दवाखान्याकडं वळले.

मी बसल्या जागेवरून विचारलं, "कोण निघालं?"

"ते कळत नाही, सिस्टर. कळू नये म्हणून तर नाव काढलंय."

"मग त्या बाईला सांगणार कोण?"

"कुणीच नाही. हे मोजणीसाठी आहे, उपचारासाठी नाही."

त्यांच्या आवाजात कुठंही कठोरपणा नव्हता. त्यांनी मला समजावूनही सांगितलं, आणि चांगलं समजावलं. नाव राहिलं तर नाव फुटणार, नाव फुटलं तर त्या बाईला घरातून हाकलणार, आणि दुसऱ्या दिवशी एकही बाई तपासणीला येणार नाही. ही पद्धत साऱ्या जगात चालते, मोठमोठ्या लोकांनी विचार करून ठरवलीय. ज्याला स्वतःचं जाणून घ्यायचंय त्याच्यासाठी पुण्यात वेगळं केंद्र आहे, तिथं जाऊन त्यानं विचारावं. मला ते खोटं म्हणता येईना. आमच्याच कॉलनीच्या मागं एक विधवा राहायची. नवरा याच आजारानं गेल्यावर सासरच्यांनी तिचं ताट-तांब्या वेगळा केला होता, आणि पुढं तिला दाराबाहेरच्या पत्र्याखाली झोपायला लावलं होतं. नाव फुटलं की काय होतं ते मी दर रविवारी नळावर जाताना बघत होते.

पण त्याच साहेबांनी सकाळी आम्हांला आणखी एक गोष्ट सांगितली होती. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आता आईला बाळंतपणाच्या वेळी एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला थोडं औषध देतात, त्यानं पुष्कळ बाळं वाचतात. म्हणजे एका टेबलावर गोळी होती आणि दुसऱ्या टेबलावर त्या बाईचं रक्त होतं, आणि या टेबलावरून त्या टेबलावर जायला वाट ठेवलेली नव्हती. वाट चुकून राहून गेली असती तर मी भांडले असते. ती मुद्दामच ठेवली नव्हती, आणि तीही त्या बाईच्या भल्यासाठी. हे माझ्या डोक्यात शिरेना.

चहा आला. बायका बिस्किटं घेऊ लागल्या, कुणीतरी माझ्या हातात कप दिला. तेव्हा कुठं मला आठवलं की त्या ट्यूबांत माझी ट्यूब होती.

मी सहा महिन्यांची होते. नवरा महिन्यातले निम्मे दिवस परगावी, गार्ड-ड्रायव्हर लोकांच्या रनिंग रूममध्ये झोपणारा. मी आजवर त्यांच्याबद्दल कधी वाकडा विचार केला नव्हता, आणि त्या पाच मिनिटांत मी जेवढे वाकडे विचार केले तेवढे कुठल्याच बाईनं केले नसतील. मनमाडला कोण, सोलापूरला कोण, मागच्या दिवाळीला चार दिवस उशीर का झाला होता. चहा तसाच ठेवून मी क्वार्टरवर गेले.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. आंघोळ झाल्यावर दोरीवरचे लाल-हिरवे झेंडे काढून घड्या घालत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"अहो, मला पुण्याला जाऊन एक तपासणी करायचीय."

कसली ते मी सांगितलं. ट्यूबेचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं. त्यांनी हातातला झेंडा घडी न घालताच मांडीवर ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तो वेळ मला अजून विसरता येत नाही.

"माझ्यावर शंका हाय व्हय तुझी?"

"तुमच्यावर न्हाई. त्या ट्यूबेवर हाय."

"मग चल. मी बी देतो," एवढंच ते म्हणाले. ते एवढा वेळ गप्प का राहिले हे मी त्यांना कधी विचारलं नाही. काही प्रश्न नवराबायकोंत न विचारलेलेच बरे असतात, निदान मी तसं ठरवलं.

पुण्याच्या केंद्रात एका बाईनं आम्हांला वेगवेगळं बसवून खूप प्रश्न विचारले. माझ्यासारख्या नर्सलाही त्या प्रश्नांनी घाम फुटला. मग निकालासाठी पुन्हा यायचं होतं. मधले दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ड्यूटीवर माझं उतरलेलं तोंड बघून डॉक्टरांनी मला रक्त वाढवायच्या गोळ्या दिल्या. सासूबाई डोहाळजेवणाचं बघत होत्या, झोपाळा हवा का बैलगाडी हवी असं विचारत होत्या, आणि मी त्यांच्यावर खेकसले. त्यांना वाटलं पोरगी थकलीय.

निकाल आला. दोघांचंही रक्त चांगलं होतं. त्या बाईनं सांगितल्यावर मी तिथंच रडले, आणि यजमानांनी, ज्यांनी चारचौघांत माझा हात कधी धरला नव्हता, त्यांनी तो धरला. स्टेशनवर आम्ही भजी घेतली. दौंडच्या पॅसेंजरमध्ये खिडकीची जागा मिळाली. उरुळी गेलं, यवत गेलं, आणि केडगावच्या आसपास मी हातातलं भजं परत पुड्यात ठेवलं. माझी ट्यूब चांगली निघाली होती. म्हणजे माझ्यासोबत बाकावर बसलेल्या बायकांपैकी कुणाची तरी वाईट होती. मी भजी खात होते आणि ती बाई कुठंतरी भाकरी थापत असेल, तिला काही माहीत नसेल. मला आनंद झाला होता तो खराच होता, तो काही केल्या परत घेता येईना. पण त्या घटकेपासून तो मला पचलाही नाही.

शिरूरला परत आल्यावर मी ठरवलं की त्या बायकांना एकेक करून पुण्याला पाठवायचं. नाव कळत नसेल तर नसो, सगळ्यांनाच पाठवू. आणि तिथं मी आपल्याच रीतीवर आपटले. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की पोरगी माहेरी जाते, आणि त्यात दवाखान्याचा काही संबंध नसतो. ज्यांनी हात पुढं केले होते त्यांतल्या निम्म्या तरी पहिलटकरणी होत्या, आणि मी जागी होईपर्यंत त्या पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, बारामती अशा चारी दिशांना पांगलेल्या होत्या. आम्ही रक्त सासरी घेतलं होतं आणि मुलं माहेरी होणार होती. दिल्लीत ज्यांनी ही मोजणी बसवली त्यांना आमच्याकडची ही रीत माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला जन्मापासून माहीत होती, आणि ऐन वेळी मीही ती विसरले.

ज्या इथंच होत्या त्यांना मी गाठलं. कुणालाही भिववायचं नाही, म्हणून मी सगळ्यांना एकच सांगायचे, की पुण्यात एक जादा तपासणी होते, बाळासाठी चांगली असते. कसली तपासणी असं त्या विचारायच्या. सांगितलं की चेहरा बदलायचा. मालकांना विचारून सांगते, म्हणायच्या, आणि परत तो विषय काढायच्या नाहीत. दोघी मात्र गुपचूप गेल्या आणि हसत परत आल्या. एक सासू तर थेट डॉक्टरांकडं भांडायला गेली, की तुमची नर्स आमच्या सुनेच्या अब्रूवर उठलीय. डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं की बाई, दमानं घ्या, गावात बोभाटा झाला तर आपला दवाखाना ओस पडेल. तेही खोटं बोलत नव्हते. त्या सगळ्या प्रकरणात मला खोटं बोलणारा माणूस एकही भेटला नाही. त्यामुळं भांडायचं कुणाशी हेच मला समजेना.

नदीपलीकडची ती हसरी पोरगी श्रीगोंद्याच्या बाजूला माहेरी गेली होती. बाजाराच्या दिवशी तिची सासू भेटली तेव्हा तिलाही मी तेच सांगितलं. ती माझ्याकडं बघून हसली.

"तिला काय झालंय? खाऊनपिऊन चांगली हाय की. तुमी आपली स्वतःची काळजी घ्या, दिस भरत आलं तुमचं."

माझे दिवस खरंच भरत आले होते. मी माहेरी न जाता दौंडलाच बाळंत झाले. मुलगी झाली, गोरीगोमटी, वजनाला भारी. सासूबाईंनी कॉलनीत पेढे वाटले. मी रजेवर होते, आणि मुलीकडं बघताना मला सगळ्याचा विसर पडायचा. नेहमीच पडायचा असं नाही, पण पडायचा.

रजा संपून मी परत गेले तेव्हा पोरी माहेराहून एकेक करून परतायला लागल्या होत्या. लसीकरणाच्या दिवशी त्या बाळं घेऊन ओळीनं बसायच्या. बाळाला काट्यावर ठेवायचं, वजन सांगायचं, मांडीला सुई द्यायची, एवढं माझं काम. मी मात्र प्रत्येक बाळ उलटंपालटं करून बघायचे. तोंड उघडून बघायचे, बगलेत गाठ लागते का चाचपायचे, मागच्या महिन्याचं वजन पुन्हा विचारायचे. गुटगुटीत बाळ आलं की माझा जीव भांड्यात पडायचा, आणि लगेच पुढचीकडं नजर जायची. एकदा एक बाई चिडली, माझ्या लेकराला एवढं काय न्याहाळताय, दृष्ट लावाल. मी तिची माफी मागितली आणि पुढच्या बाळाकडंही तसंच बघितलं.

थंडीच्या दिवसांत एकदा ती हसरी आली. बाळ कुंचीत गुंडाळलेलं होतं. कुंची सोडली आणि मी काट्यावर ठेवलं, तर माझ्या मुलीच्या निम्म्यानंही भरेना. दोघं जवळजवळ एकाच वयाची. तोंडात पांढरा थर, अंगावर सुरकुत्या. जुलाब थांबतच नाहीत, ती म्हणाली, माहेरी दोन डॉक्टर झाले, देवऋषीही झाला. ती आता हसत नव्हती. मी बाळाला सुई न देता तिला डॉक्टरांकडं नेलं, आणि त्याच दिवशी दोघा नवराबायकोला बाळासह पुण्याला पाठवलं. या वेळी सासू एका शब्दानं बोलली नाही.

काही दिवसांनी ती एकटीच दवाखान्यात आली. दुपारची वेळ होती, ओपीडी संपलेली, मी कापूस कापत होते. बाळ पुण्याच्या दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. तिचं रक्त वाईट निघालं होतं, नवऱ्याचंही. बाळाचं नक्की सांगायला ते दीड वर्षाचं व्हावं लागतं, असं तिला तिथं सांगितलं होतं. तेवढा वेळ त्याच्याकडं आहे का, हे तिनं त्यांना विचारलं नव्हतं आणि मलाही विचारलं नाही. तिथल्या बाईनं तिला त्या गोळीबद्दल मात्र सांगितलं होतं. आधी कळलं असतं तर, असं काहीतरी ती बाई बोलून गेली होती.

ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. ती चिडलेली नव्हती. तिला समजून घ्यायचं होतं.

"बाई, तुमी माझं रगत काढलं हुतं की. तवा न्हाई का कळलं?"

खोटं बोलायला ती वेळ बरी होती. तेव्हा हा आजार नसेल, नंतर झाला असेल, असं म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. मला ते जमलं नाही.

"कुणाचं तरी कळलं हुतं," मी म्हटलं. "तुजं हाय का दुसरीचं, ते कळलं न्हवतं. कुणालाच कळत न्हाई ते. सरकारला फक्त किती हायत ते मोजायचं हुतं."

तिला पहिल्यांदा समजलंच नाही. मी कापूस खाली ठेवला आणि सगळं पुन्हा सांगितलं, ट्यूबेवर नाव का नव्हतं, नाव असतं तर काय झालं असतं, सगळं. साहेबांनी मला जसं समजावलं होतं तसंच, त्याच शब्दांत, कारण माझ्याकडं दुसरे शब्द नव्हते. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मधे एकदा मान हलवली. मग तिनं पदर सारखा केला, आणि जशी एखादी बाई दुकानातल्या मापाबद्दल विचारते तशा साध्या आवाजात म्हणाली,

"आन् मग मोजून झाल्यावर काय केलं?"